खुर्ची कोणाजवळ सापडली

दिवा राहू द्या चालू. गोष्ट तशी भर दुपारची आहे, पण सांगायला बसले की मला उजेड लागतो.

त्या दिवशी मी एक व्हीलचेअर शोधायला निघाले होते. माझं कामच ते. आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात एक खोली आहे, तिला सगळे ठिपक्यांची खोली म्हणतात. हॉस्पिटलमधल्या प्रत्येक हलत्या वस्तूला, खुर्च्या, स्ट्रेचर, सलाइनचे पंप, ऑक्सिजनच्या गाड्या, सगळ्यांना काडेपेटीएवढा एक बिल्ला चिकटवलेला असतो. छतात यंत्रं बसवली आहेत, ती त्या बिल्ल्याला ओळखतात, आणि आमच्या पडद्यावर ती वस्तू ठिपका होऊन दिसते. वस्तू आपली जागा सोडून भलतीकडे गेली की अलार्म वाजतो. मग आमच्यापैकी एकानं उठायचं, वर जाऊन वस्तूला हात लावायचा, नंबर वाचायचा आणि खाली येऊन संगणकात लिहायचं, वस्तू कुठे सापडली, कोणाजवळ सापडली. तोवर तो अलार्म काही गप्प बसत नाही.

आधी मी वीस वर्षं कपड्यांच्या कोठीत होते. चादरींचे गठ्ठे उचलून गुडघे कामातून गेले, म्हणून साहेबांनी मला पडद्यासमोर बसवलं. मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई मी. संगणकाची धास्तीच होती, त्यामुळे जे शिकवलं ते तसंच्या तसं करायचे. बाकीचे जागेवर बसूनच 'खोटा अलार्म' असं एक बटण होतं, ते दाबून मोकळे व्हायचे. मी मात्र प्रत्येक वेळी जिना चढायचे.

"ताई, तुमच्या गुडघ्यांना एकेक बिल्ला लावून देतो," बॅटरीदादा म्हणायचा. बिल्ल्यांच्या बॅटऱ्या बदलणं आणि माझ्या शेजारी बसून ठिपके बघणं हे त्याचं काम. "कुठे गळून पडले तर शोधायला बरे."

तर चारला पाच-सात मिनिटं कमी होती. दोनशे बारा नंबरची खुर्ची. जागा तिची तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीबाहेर. ठिपका दिसत होता दुसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात.

मी वर गेले. भेटीची वेळ व्हायची होती, म्हणून वॉर्ड अगदी शांत. नुकतीच फरशी पुसलेली, फिनेलचा वास, खिडक्यांतून पांढरं ऊन. खुर्ची सहा नंबरच्या कॉटला लागून उभी होती. तोंड कॉटकडे, ब्रेक लावलेला, पाय ठेवायच्या पाट्या दोन्हीकडे उघडलेल्या. एखाद्याला उतरवून घ्यायचं असलं की ठेवतात ना, तशी.

कॉटवरचे आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. घड्याळं दुरुस्त करायचे म्हणे ते.

"कोणी आणली हो ही?" मी विचारलं.

"बघितलं नाही. पण माझ्यासाठी नसावी," ते म्हणाले. "मला चालता येतं. आणि इतकी सेवा तर माझा जावईसुद्धा करत नाही."

मी हसले. वाकून नंबर वाचताना माझा हात सीटवर टेकला... सीट कोमट होती. उन्हानं तापलेली नव्हे, ऊन तिथवर येतच नव्हतं. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. आणि एक वास आला, वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीतल्या कपड्यांचा. कोठीत काम केलेल्या बाईला तो लगेच कळतो.

मी खुर्ची ढकलत खाली नेली. तिचं एक चाक फिरताना बारीक वाजायचं. टक... टक... टक. खाली येऊन मी लिहिलं, 'दुसरा मजला, पुरुष वॉर्ड, कॉट सहा.' अलार्म थांबला.

दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डात गेले तर सहा नंबरची गादी गुंडाळून ठेवलेली. रात्रीत गेले, सिस्टर म्हणाल्या. वाईट वाटलं. पण हॉस्पिटलच ते.

महिन्याभरानं पुन्हा तेच. दोनशे बारा, चारच्या आत-बाहेर, दुसरा वॉर्ड, दुसरी कॉट. मी गेले, हात लावला, लिहिलं. ती कॉटही सकाळी रिकामी. मग तिसऱ्यांदा. तेव्हा मी बॅटरीदादाजवळ बोलले. त्यानं कानामागची पेन्सिल काढून डोकं खाजवलं.

"ताई, हे हॉस्पिटल आहे. खुर्ची डोळे मिटून कुठेही उभी करा, शेजारचं कुणी ना कुणी जाणारच. उद्या तुम्ही म्हणाल, बादलीमुळे नळ गळतो."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं.

त्याच सुमारास साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. इतके अलार्म खोटे कसे, म्हणून विचारलं. सगळे जमिनीकडे बघत होते. मी भोळी, सरळ सांगून टाकलं, "साहेब, बटण आहे म्हणून लोक दाबतात. जाऊन कोण बघतंय?" साहेबांना ते इतकं आवडलं की पुढच्या एक तारखेपासून 'खोटा अलार्म' हे बटणच काढून टाकलं. आता जागा लिहिल्याशिवाय अलार्म बंद व्हायचा नाही. अर्ध्या तासात कुणी लिहिली नाही, तर अलार्म वाजल्यावर ठिपका पहिल्यांदा जिथे थांबला ती जागा संगणक आपली आपण लिहून टाकायचा. बॅटरीदादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर चौथ्यांदा खुर्ची गेली ती एका तरुण मुलीच्या कॉटजवळ. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन आठवडा झालेला, सकाळी घरी सोडणार होते. आईनं पिशव्या भरून ठेवल्या होत्या. मुलगी म्हणाली, "मावशी, ही खुर्ची उद्याला हवी, आज कशाला?" मी खाली येऊन जागा लिहिली.

सकाळी त्या भरलेल्या पिशव्या घेऊन आई एकटीच जिना उतरताना दिसली. मी त्या दिवशी डबा उघडला नाही.

आणि पुढच्या आठवड्यात माझी धाकटी बहीण आमच्याच हॉस्पिटलात दाखल झाली. न्यूमोनिया. तिसरा मजला, बायकांचा वॉर्ड, कॉट अकरा. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. मी तेरा. कडेवर घेऊन वाढवलेलं पोर ते. चार दिवस ताप हटला नाही, श्वास लागायचा, पण जीभ शाबूत होती.

"तुझ्या त्या ठिपक्यांत मी दिसते का गं, ताई?"

"तू काय सामान आहेस?"

"आमच्या यांना विचार. बावीस वर्षं सामानच समजतात. मला एक बिल्ला लावून टाक, म्हणजे निदान कुणीतरी शोधत येईल."

एवढं बोलून तिला खोकला आला तो पाच मिनिटं थांबेना. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "आजची आणि उद्याची रात्र गेली की मग काळजी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आले, पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून मी दोनशे बाराच्या जुन्या नोंदी उघडल्या. आमच्या संगणकात जुना दिवस काढून ठिपका पुन्हा चालवून बघता येतो. सहा महिन्यांत ही खुर्ची नऊ वेळा आपली जागा सोडून गेली होती. नऊही वेळा चारच्या सुमाराला. नऊही वेळा कुठल्यातरी कॉटजवळ जाऊन थांबलेली. चार वेळा मी गेले होते. पाच वेळा दुसऱ्या कुणीतरी बसल्या जागी 'खोटा अलार्म' दाबला होता.

मी नऊ कॉट आणि नऊ तारखा कागदावर उतरवल्या आणि मोठ्या सिस्टरांकडे गेले. सगळ्या वॉर्डांची रजिस्टरं त्यांच्या कपाटात असतात. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी एकेक पान उलटलं.

"हे पाच जण घरी गेले," त्या म्हणाल्या. "यातला एक तर परवा भेटायला आला होता, सायकल मारत."

"आणि हे चार?"

सिस्टरांनी पान पुन्हा बघितलं. "हे चार... त्याच रात्री गेले." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "का गं? काय जुळवतेस तू?"

मी कागद परत घेतला. ज्यांच्याजवळ खुर्ची थांबली पण कुणी लिहिलं नाही, ते घरी गेले. ज्यांचा कॉट नंबर मी जाऊन, बघून, हात लावून, खरा खरा लिहिला... ते चार.

खाली येऊन मी बॅटरीदादाला कागद दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला. या वेळी त्यानं विनोद केला नाही. म्हणाला, "आता बटणही नाही, ताई." मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, पण तसं तो म्हणाला नाही. चांगला माणूस आहे.

त्या दिवशी मी घड्याळाकडे बघत बसले होते. पावणेचार. दहा कमी. एक्स-रेच्या बाहेरचा तो हिरवा ठिपका जागच्या जागी होता. मी पाणी प्यायला मान वळवली आणि परत बघितलं तर तो लिफ्टपाशी होता.

"दादा..."

"बघतोय."

ठिपका पहिल्या मजल्यावर दिसला. मग दुसऱ्या. घाई नाही, काही नाही. दुसऱ्या मजल्यावर तो जरासा थांबला. माझ्या मनात आलं, थांब तिथेच. आणि लगेच लाज वाटली, कारण दुसऱ्या मजल्यावर चाळीस माणसं होती. ठिपका तिसऱ्या मजल्यावर आला. अलार्म वाजायला लागला.

जिना कसा चढले, सांगता येणार नाही. वॉर्डाच्या दारात पोचले तेव्हा कानात रक्त वाजत होतं. सगळीकडे तोच दुपारचा शांतपणा. आणि अकरा नंबरच्या कॉटला लागून ती उभी होती. ब्रेक लावलेला. पाट्या उघडलेल्या.

माझी बहीण उठून बसली होती. पाय खाली सोडलेले, एक हात खुर्चीच्या दांडीवर.

"बरं झालं पाठवलीस," ती म्हणाली. तापानं डोळे चकाकत होते. "खिडकीपर्यंत जाऊन येते. अंग कसं हलकं वाटतंय बघ आज..."

"बसू नकोस."

"अगं पण..."

"हात काढ आधी."

मी खुर्ची इतक्या जोरात ओढली की ब्रेक लावलेली चाकं फरशीवर किंचाळली. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं मान वर केली. बहीण माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी कधी रागावले की अशीच बघायची. तिला काय सांगणार? मी तिला आडवी केली, पांघरूण घातलं. सीटला माझी मांडी लागली होती. नेहमीसारखी कोमट नव्हती ती. गरम होती, तापलेल्या अंगासारखी.

खुर्ची तिच्या जागी ठेवून खाली आले तर पडद्यावर चौकट उघडी. 'वस्तू कोणाजवळ सापडली?' खाली उलटे आकडे पळत होते. एकोणीस मिनिटं. काहीच लिहिलं नाही तर संगणक अकरा लिहिणार. खरं लिहिलं तरी अकरा.

"एक्स-रेच्या बाहेर सापडली म्हणून लिहा," बॅटरीदादा म्हणाला.

"तिथे बाकावर माणसं बसलीत. रोज बसतात."

"मग कोठीत."

"कोठीत दोघी आहेत."

"ताई, कुणी नाही अशी जागा या इमारतीत तुम्हाला कुठे..." तो थांबला. आम्ही दोघांनी एकदमच पडद्याकडे बघितलं. मला आठवलं, बायकांच्याच वॉर्डात कॉट चौदा. गादी होती, माणूस नव्हतं. सकाळीच ती बाई बरी होऊन घरी गेली होती, मी डोळ्यांनी बघितलं होतं.

मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं. 'तिसरा मजला, कॉट चौदा.' अलार्म थांबला. बॅटरीदादानं न विचारता माझ्यापुढे चहा ठेवला.

सहा वाजता बहिणीला बघायला गेले. ती शांत झोपली होती, कपाळ घामानं भिजलेलं. घाम आला म्हणजे ताप उतरतोय. मी पदरानं तिचं कपाळ टिपलं आणि सहज समोर बघितलं.

चौदा नंबरवर नवी चादर घातली होती. एक बाई उशी नीट करत होती. माझ्याच वयाची, केस नीट विंचरलेले, हातात दोन बांगड्या.

"नमस्कार हो," ती म्हणाली. "शेजारीण झाले तुमची. जरा पोटात दुखतंय, बाकी काही नाही. उद्या सोडतील. घरी सून बाळंतीण आहे, मला आजारी पडायला वेळ कुठला?"

मी काहीतरी पुटपुटले. ती बाई बाळाचं कौतुक सांगत होती. बारा दिवसांचं, नाक आजोबांवर गेलंय. मी ऐकून घेतलं. सगळं ऐकून घेतलं, कारण उठायची ताकद नव्हती.

लिहिलेली नोंद एकदाच बदलता येते, तीही साहेबांनी परवानगी दिली तर. साहेब गाडीत बसत होते तेव्हा मी त्यांना गाठलं.

"तुमच्याकडून चूक? नवलच आहे," ते म्हणाले आणि फोनवरून तिथल्या तिथे परवानगी दिली. "मग खरी जागा कुठली?"

लिहिते, म्हणून मी वळले. जिना उतरताना ठरवून टाकलं होतं. खाली येऊन चौकट उघडली आणि लिहिलं, 'ठिपक्यांची खोली. पडद्यासमोरची खुर्ची.' आणि त्या खुर्चीत बसले.

आता उठायचीही सोय नव्हती. रात्रपाळीवाला आठला आला. दोन लहान मुलींचा बाप. बगलेत त्याची उशी.

"उठा ताई, घरी जा."

"आज मी बसते. बहीण वर आहे, घरी झोप लागायची नाही."

"मग मी कुठे बसू?"

"स्टुलावर बस."

"स्टुलावर? पाठ मोडेल माझी."

"मोडू दे. जुळते परत."

तो हसला, कुरकुरला, आणि दहा वाजता स्टुलावर बसून भिंतीला टेकून घोरायला लागला. मी बसून राहिले. धाकटीचं लहानपण आठवत होतं. माझ्या मुलाला सकाळी फोन लावायचा राहिला होता. घरच्या बँकेच्या पुस्तकाची जागा त्याला माहीत आहे की नाही, असले विचार येत होते. मरणाचे मोठे विचार काही येत नाहीत हो.

किती वाजले ते मी बघितलं नाही. पडद्यावर एक्स-रेच्या बाहेरचा ठिपका हलला. अलार्म वाजला नाही. का वाजावा, मीच तिची जागा इथली लिहिली होती. ठिपका बोळात आला. मग तो बघायची गरज राहिली नाही. दाराबाहेरून ऐकू येत होतं... टक... टक... टक.

दार माझ्या पाठीमागे आहे. मी मान वळवली नाही. चाक थांबलं. ब्रेक लावल्याचा आवाज आला. आणि तो पेटीतल्या कपड्यांचा वास, आधी हलका, मग इतका दाट की श्वास घेता येईना. कुणीतरी उठतंय असं वाटलं. दमलेलं माणूस उठताना कण्हतं, तेवढाच आवाज. मग पावलं नाहीत, काही नाही.

आणि माझ्या मांडीवर ओझं आलं.

मूल बसतं तसं नव्हे. मोठ्या, थकलेल्या माणसाचं ओझं. सावकाश टेकलं, सरकून नीट बसलं. पाठ माझ्या छातीला लागली. कोमट होती. मी डोळे गच्च मिटून घेतले. समोर रात्रपाळीवाल्याचं घोरणं चालू होतं, त्या आवाजाला धरून बसले. ओझं हळूहळू जड होत गेलं... मग आत गेल्यासारखं झालं... मग जाणवेना.

डोळे उघडले तेव्हा सकाळचा झाडूवाला दार ढकलत होता. मी जिवंत होते. वर पळाले. बहीण दूध पीत बसली होती आणि दूध पांचट आहे म्हणून सिस्टरला सुनावत होती. चौदा नंबरवाली पिशवी भरत होती. "बघा, सोडताहेत," ती म्हणाली. मी तिला मिठी मारली. तिला वाटलं असेल, काय प्रेमळ हॉस्पिटल आहे.

त्या सकाळी बॅटरीदादानं दोनशे बारा नंबरची खुर्ची तपासायला घेतली. खुर्ची दाराबाहेरच उभी होती. बिल्ला मात्र तिच्यावर नव्हता. चिकटवलेल्या जागी नुसता चौकोनी डाग. पडद्यावर ठिपका होता. आमच्या खोलीत, मी बसले होते तिथे.

आम्ही खोली धुंडाळली. माझी पिशवी उलटी केली, साडी झटकली, खुर्चीची गादी उसवली. मी चहाला गेले तर ठिपका चहाच्या खिडकीपाशी. मी वर गेले तर ठिपका वर.

"ताई, गिळलात की काय?" बॅटरीदादा म्हणाला. हसायचा प्रयत्न करत होता बिचारा.

संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा तो ठिपका फाटकापर्यंत आला आणि तिथेच थांबून राहिला, असं त्यानं सांगितलं. रोज तसंच व्हायला लागलं. सकाळी मी फाटकातून आत आले की तो माझ्याबरोबर चालायला लागायचा. पण खुर्ची जागची हलली नाही. अलार्म वाजला नाही. कुणाला काही झालं नाही. मी म्हटलं, असू दे. माझ्याबरोबर राहायचं तर राहू दे. माझी पोर वाचली.

आठ दिवसांनी धाकटीला घरी सोडलं. तिचे यजमान बाहेरगावी होते, म्हणून मी रजा टाकून तिला माझ्याकडे आणलं. खिडकीजवळ तिची गादी घातली. दुपारभर तिनं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. हॉस्पिटलातली खिचडी बरी होती म्हणे. इतकं बरं वाटलं ते ऐकून.

मी भांडी घासत होते, तेव्हा फोन वाजला. माझे हात ओले, म्हणून तिनंच उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं करून गादीवर ठेवला.

"ताई," बॅटरीदादाचा आवाज. "तुम्ही आज रजेवर आहात ना?"

"हो. का रे?"

"नाही... तुमचा ठिपका फाटकापासून निघालाय. आत्ता दुसऱ्या मजल्यावर आहे."

मी घड्याळाकडे बघितलं. चारला सहा मिनिटं होती. पदराला हात पुसत मी गादीच्या कडेला येऊन बसले.

"अलार्म?"

"वाजतोय. मी जिन्यात आहे. म्हटलं, एकदा आपण पण जाऊन बघावं." त्याला धाप लागली होती. "वॉर्डात आलो... शांत आहे सगळं. कॉट तीनला पडदा ओढलाय. थांबा." मग कितीतरी वेळ नुसता त्याचा श्वास. "पडद्याखाली पाय दिसतायत, ताई. तुमच्या चपला आहेत... तो अंगठा शिवलेला..."

माझ्या चपला माझ्या दारात होत्या. मला बसल्या जागेवरून दिसत होत्या.

"दादा, परत फिर," मी म्हणाले. "काही लिहू नकोस. परत फिर..."

त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. कारण तेवढ्यात फोनमधून एका बाईचा आवाज आला. लांबून, पडद्याआडून, पण स्वच्छ. फार मायेचा आवाज होता.

"चला. आता निघायचं. सावकाश बसा."

आणि फोन बंद झाला.

मी परत लावला. वाजत राहिला. कोणी उचलला नाही. आवाज ओळखीचा वाटत होता, पण कुणाचा ते सांगता येईना.

"कोण असेल गं ती?" मी बहिणीला विचारलं.

ती फोनकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं हळूच पाय पोटाशी घेतले. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि सरकत सरकत पार भिंतीला जाऊन टेकली.

"ताई," ती म्हणाली, "ती बाई बोलत होती ना... तेव्हा तुझे ओठ हलत होते."